‘क्यू. एस.’ म्हणजे काय? : औषधातल्या ‘बाकीच्या’ घटकांची ओळख

औषधनिर्माणशास्त्राच्या तोंडओळखीच्या या मालिकेत आज आपण एका अगदी छोट्या शब्दापासून सुरुवात करणार आहोत. घरातली कुठलीही गोळ्यांची स्ट्रिप किंवा सिरपची बाटली हातात घ्या आणि मागचा बारीक मजकूर वाचा. ‘पॅरासिटामॉल आय. पी. ५०० मि.ग्रॅ.’ असं काहीतरी दिसेल. त्याच्या खाली बहुतेक वेळा एक ओळ असते : ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’ सिरप असेल तर ‘फ्लेवर्ड सिरपी बेस क्यू. एस.’

क्यू. एस. हे लॅटिन शब्दांचं लघुरूप आहे. अर्थ साधा आहे : ‘पुरेसं होईल इतकं’. आपल्याकडे पाककृतीत ‘मीठ चवीनुसार’ लिहितात ना, तसंच. मुख्य औषध किती ते मिलिग्रॅममध्ये सांगितलेलं असतं आणि बाकीचं ‘पुरेसं’ म्हणून मोकळं सोडलेलं असतं. हे ‘बाकीचं’ म्हणजे नेमकं काय, ते कशासाठी लागतं आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यानं त्याकडे दुर्लक्ष केलं तर काय होऊ शकतं, हा आजचा विषय.

गोळीत औषध किती असतं?

एक हिशोब करू. थायरॉइडसाठी दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. एका ग्रॅममध्ये दहा लाख मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम औषधातून अशा वीस हजार गोळ्या होतील. पेशंटच्या हातावर नुसतं ५० मायक्रोग्रॅम औषध ठेवलं तर ते डोळ्याला धड दिसणारही नाही, मग चिमटीत कसं धरणार? म्हणून त्याला आकारमान द्यावं लागतं. लॅक्टोज किंवा मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज यांसारखा पदार्थ भर म्हणून घालतात. याला डायल्युएंट म्हणायचं. अशा गोळीच्या वजनाचा जवळजवळ सगळा भाग ‘बाकीच्या’चाच असतो.

पॅरासिटामॉलचं उलट आहे. तिथं औषधच अर्धा ग्रॅम, भर घालायची फारशी गरज नाही. पण पॅरासिटामॉलचे कण दाबून नीट चिकटत नाहीत. नुसतं दाबलं तर गोळीचा वरचा थर टोपीसारखा सुटून येतो. मग बाइंडर लागतो, म्हणजे कणांना धरून ठेवणारा पदार्थ. रव्याचा लाडू पाकाशिवाय वळत नाही, तसं हे. स्टार्चची खळ हा जुना, आजही वापरात असलेला बाइंडर.

गोळी घट्ट झाली, पण पोटात गेल्यावर ती फुटायला नको का? दगडासारखी तशीच राहिली तर औषध रक्तात जाणार कसं? म्हणून डिसइंटिग्रंट घालतात. हा पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि गोळी आतून फोडतो. गंमत अशी, की इथंही स्टार्च चालतो, फक्त कोरा. शिजवून खळ केली तर धरून ठेवतो, कोरा घातला तर फुगून फोडतो. पदार्थ एकच, पण कुठल्या रूपात आणि कुठल्या टप्प्यावर घातला यावर त्याचं काम ठरतं.

शिवाय गोळी यंत्राच्या साच्याला चिकटू नये म्हणून लुब्रिकंट लागतं, बहुधा मॅग्नेशियम स्टीअरेट, साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. मोदकाच्या साच्याला आपण तुपाचा हात फिरवतो, तसं. पण ते जास्त झालं की कणांवर मेणचट थर बसतो, पाणी आत शिरत नाही आणि गोळी विरघळायला वेळ लावते. म्हणजे ‘पुरेसं’ याचा अर्थ ‘हवं तितकं’ असा होत नाही. फॅक्टरीच्या कागदपत्रांत या प्रत्येक घटकाचं वजन काटेकोर लिहिलेलं असतं. क्यू. एस. फक्त लेबलवर असतं.

‘निष्क्रिय’ खरंच निष्क्रिय असतं का?

पुस्तकांत या घटकांना निष्क्रिय किंवा सहायक घटक म्हणतात. निष्क्रिय म्हणजे त्यांचा स्वतःचा औषधी परिणाम अपेक्षित नाही, इतकंच. त्यांचा औषधावर परिणाम होत नाही असं मात्र समजू नका.

याचं सगळीकडे शिकवलं जाणारं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे, १९६८ च्या सुमाराचं. फेनिटॉइन हे फिट येण्यावरचं औषध. त्याच्या कॅप्सूलमध्ये भर म्हणून कॅल्शियम सल्फेट असायचं. ते बदलून लॅक्टोज घालण्यात आलं. फेनिटॉइनचं प्रमाण तेच, डोस तोच. तरीही अनेक पेशंटना तोल जाणं, बोलणं अडखळणं अशी विषबाधेची लक्षणं दिसू लागली. कॅल्शियम सल्फेटमुळे फेनिटॉइनचं शोषण कमी होत होतं. ते काढल्यावर त्याच डोसातून जास्त औषध रक्तात जायला लागलं. फेनिटॉइनची सुरक्षित पातळी आणि घातक पातळी यांत अंतर फार कमी असतं, त्यामुळे एवढा फरकही पुरेसा ठरला.

लक्षात घ्या, इथं कुठलाही घटक अशुद्ध नव्हता. लॅक्टोज शुद्ध, कॅल्शियम सल्फेटही शुद्ध. तरी हे झालं. मग ‘बाकीचं’ अशुद्ध असेल तर काय होईल? त्यासाठी आता गोळीकडून सिरपकडे वळू.

औषध पाण्यात मावत नाही तेव्हा

लहान मुलांना गोळी गिळता येत नाही, म्हणून त्यांना पातळ औषध देतात. एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, १२५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल हवं आहे. साध्या तापमानाला एक मिलिलिटर पाण्यात पॅरासिटामॉल विरघळतं सुमारे १४ मि.ग्रॅ. पाच मिलिलिटरमध्ये झालं ७० मि.ग्रॅ. उरलेलं ५५ मि.ग्रॅ. कुठं ठेवायचं?

दोन वाटा आहेत. पहिली वाट सस्पेन्शनची. औषध विरघळवायचंच नाही, त्याची बारीक पूड पातळ पदार्थात तरंगत ठेवायची. म्हणूनच बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवा’ असं लिहिलेलं असतं. न हलवता दिलं तर वरचे चमचे फिके आणि तळाचे तीव्र. आईनं रोज तेवढाच चमचा दिला तरी बाळाला रोज तेवढंच औषध मिळत नाही.

दुसरी वाट म्हणजे पाण्याला जोडीदार द्यायचा. पाण्यात मिसळणारा आणि औषधाला सामावून घेणारा दुसरा द्रव घालायचा. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही त्यातली नेहमीची नावं. सॉर्बिटॉलचं द्रावणही सिरपमध्ये गोडीसाठी आणि दाटपणासाठी असतं. हे तिन्ही पदार्थ योग्य दर्जाचे आणि योग्य प्रमाणात असले तर औषधात सर्रास चालतात. आणि लेबलवर हे सगळे मिळून ‘सिरपी बेस क्यू. एस.’

आता प्रश्न असा, की या जोडीदाराच्या जागी भलताच द्रव आला तर?

१९३७ : रास्पबेरीच्या चवीचं औषध

सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं सुरुवातीच्या काळातलं औषध. गोळी आणि पुडीच्या रूपात ते वापरलं जात होतं. १९३७ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका कंपनीला वाटलं, की हे पातळ स्वरूपात दिलं तर चांगलं खपेल. अडचण तीच : पाण्यात नीट विरघळत नाही. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला ते डायएथिलीन ग्लायकॉल या द्रवात छान विरघळताना दिसलं. त्यात रास्पबेरीची चव घातली, रंग बघितला, वास बघितला आणि माल बाजारात गेला. विषारीपणाची चाचणी केली नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तशी सक्तीच नव्हती.

शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यांत बरीच लहान मुलं होती. मुख्य औषध बरोबर होतं, त्याचं प्रमाणही बरोबर होतं. मारलं ते ‘बाकीच्या’नं.

माल जप्त करताना कायद्यात आधार सापडला तोही पाहण्यासारखा आहे. या औषधाला ‘एलिक्झिर’ म्हटलं होतं आणि एलिक्झिरमध्ये अल्कोहोल असणं अपेक्षित होतं. ते यात नव्हतं, म्हणून ‘चुकीचं लेबल’! माणसं मेली हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नव्हता. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेत नवा कायदा आला आणि औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवणं बंधनकारक झालं. आपल्याकडचा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे.

शरीरात होतं काय?

डायएथिलीन ग्लायकॉल हे उद्योगात लागणारं रसायन आहे, ब्रेक ऑइलमध्ये, विद्रावक म्हणून, अशा अनेक ठिकाणी. त्याला रंग नाही, वास नाही, चव गोडसर, हाताला दाटसर. म्हणजे दिसायला-चाखायला अगदी ग्लिसरीनच्या वळणाचं, आणि बहुधा औषधी दर्जाच्या ग्लिसरीनपेक्षा स्वस्त.

पोटातून ते रक्तात जातं आणि यकृतात त्याचं रूपांतर होतं. दारू पचवणारं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हेच एन्झाइम त्याच्यावरही काम करतं. पुढं त्यातून डायग्लायकोलिक ॲसिड बनतं आणि ते मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी मारतं. आधी उलट्या आणि पोटदुखी. मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत होत बंद. त्यानंतर मज्जासंस्थेवर परिणाम. सुरुवातीची लक्षणं साध्या तापा-सर्दीत होणाऱ्या उलट्यांसारखीच असतात. त्यामुळे घरचे लोक काय करतात? मूल बरं व्हावं म्हणून तेच औषध आणखी देतात.

तीच चूक, पुन्हा पुन्हा

१९३७ मध्ये हे विष आहे हे जगाला कळलं. मग गोष्ट तिथंच संपायला हवी होती. तसं झालं नाही.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६, मुंबईचं जे. जे. रुग्णालय. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी पेशंटना ग्लिसरीन प्यायला देतात. इथं ग्लिसरीन सहायक घटक नव्हतं, तेच औषध होतं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं आणि १४ पेशंट मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं याची चौकशी केली. औषधखरेदी, तपासणी आणि परवाने या सगळ्या साखळीतला सडकेपणा त्या अहवालानं उघड केला. महाराष्ट्रात फार्मसी शिकणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण माहीत असायलाच हवं.

२००६, पनामा. चीनमधून निघालेली पिंपं स्पेनमार्गे पनामात पोचली. कागदावर ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन, आत डायएथिलीन ग्लायकॉल. वाटेत माल अनेक व्यापाऱ्यांच्या हातून गेला, कागद बदलत गेले, पिंप उघडून कुणी तपासलं नाही. त्यातून सरकारी प्रयोगशाळेतच खोकल्याचं औषध बनलं.

ऑक्टोबर २०२२, गांबिया. भारतात बनलेल्या चार सिरपांच्या नमुन्यांत हे रसायन सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनं दिला. तिथं साठाहून अधिक मुलं दगावली होती. आपल्या तपासणीत नमुने प्रमाणित ठरल्याचं भारत सरकारचं म्हणणं होतं.

आणि २०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर, मध्य प्रदेशातला छिंदवाडा जिल्हा. सर्दी-खोकल्याचं सिरप घेतलेल्या वीसपेक्षा जास्त मुलांचा मृत्यू झाला. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्या सिरपच्या एका बॅचमध्ये तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं ४८.६ टक्के. पुन्हा हिशोब करू. १०० मिलिलिटरमध्ये ४८.६ ग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरच्या एका चमच्यात जवळपास अडीच ग्रॅम. सर्दीची औषधं त्याच चमच्यात मिलिग्रॅममध्ये मोजायची असतात.

मग तपासायचं कुठं?

विद्यार्थी इथं हमखास एक प्रश्न विचारतात : सिरप बनल्यावर टेस्टिंग होतं ना, मग कळत कसं नाही? कारण आपण जे शोधतो तेच सापडतं. तयार सिरपच्या नेहमीच्या तपासणीत मुख्य औषध लेबलवर लिहिल्याइतकं आहे का हे बघत असत. पॅरासिटामॉल बरोबर निघालं की बॅच पास होत असे. त्या चाचणीत डायएथिलीन ग्लायकॉल शोधलेलंच नसायचं, तर ते दिसणार कसं?

म्हणून खरी जागा आहे पिंपाची, म्हणजे कच्चा माल आत येतो तिथली. आलेल्या मालाची ओळख स्वतः पटवायची. सोबत आलेला विश्लेषणाचा दाखला हा कागद आहे, पिंपात काय आहे ते तो सिद्ध करत नाही. पनामाच्या पिंपांबरोबरही कागद होतेच.

बरं, घनता मोजून भागेल का? ग्लिसरीनची घनता साधारण १.२६, डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२, प्रॉपिलीन ग्लायकॉलची १.०४. फरक आहे. पण ग्लिसरीनमध्ये पाणी घातलं तरी घनता १.१२ करता येते, आणि थोडीशी भेसळ असेल तर घनता जेमतेम हलते. त्यामुळे घटक वेगवेगळे करून दाखवणारी चाचणी लागते. गॅस क्रोमॅटोग्राफी ही त्यासाठीची नेमकी पद्धत. प्राथमिक छाननीसाठी थिन लेयर क्रोमॅटोग्राफीही चालते, आणि ती तर तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करताच. या द्रवांमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलची औषधकोशातली मर्यादा आहे ०.१ टक्का. छिंदवाड्याच्या बाटलीतला आकडा त्याशेजारी ठेवून बघा.

आणखी एक : ‘इंडस्ट्रियल ग्रेड’ आणि ‘फार्मा ग्रेड’ यांतला फरक. रंगाच्या कारखान्याला प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये दुसरं ग्लायकॉल थोडं मिसळलेलं असलं तर फारसं बिघडत नाही. औषधाला ते चालत नाही. नाव तेच, पिंप तसंच, किंमत कमी. खरेदी विभागाला हा मोह पडू शकतो. तो अडवणं हे दर्जा तपासणाऱ्या माणसाचं काम, आणि उद्या त्या खुर्चीवर तुमच्यापैकीच कुणीतरी बसणार आहे. बॅच अडवली की मालक वैतागतो, डिस्पॅच थांबतो, फोन वाजायला लागतात. तरीही तपासल्याशिवाय सही करायची नाही.

काउंटरवर आणि घरी

तुमच्यातले अनेक जण मेडिकलच्या दुकानात बसाल. तिथं क्रोमॅटोग्राफी नसते, पण काही गोष्टी हातात असतात. बिलावर बॅच नंबर नीट लिहा. एखादी बॅच परत बोलवायची वेळ आली तर ती कोणाकोणाच्या घरी गेली हे शोधायचा तोच धागा असतो. लहान मुलांसाठी चिठ्ठीशिवाय खोकल्याचं औषध देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असा सल्ला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. त्या वयातला साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो.

सिरपमध्ये पाणी घालू नका, हेही ग्राहकाला सांगा. साध्या साखरेच्या सिरपमध्ये वजनानं सुमारे दोन तृतीयांश साखर असते. जंतूंना वाढायला मोकळं पाणीच उरत नाही, म्हणून ते टिकतं. मुरांबा टिकतो तो याच कारणानं. पाणी घातलं की हे संरक्षण जातं. आणि औषध जोडीदार द्रवाच्या आधारानं विरघळलेलं असेल तर ते पुन्हा बाहेर पडून तळाशी बसू शकतं.

औषध घेणाऱ्या मुलाला उलट्या होत असतील आणि लघवी कमी झाली असेल किंवा थांबली असेल तर औषध तिथंच बंद करून लगेच मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगा, आणि बाटली फेकू नका, सोबत न्या असंही सांगा. डॉक्टरांना निदानासाठी आणि नंतर तपासासाठी ती बाटलीच उपयोगी पडते. वेळेवर कळलं तर यकृतातलं ते रूपांतर रोखणारं फोमेपिझोल हे औषध आणि डायलिसिस यांचा आधार घेता येतो. पण त्यासाठी शंका वेळेवर यावी लागते.

पुढच्या व्याख्यानाआधी एक काम करा. घरातली तीन औषधं घ्या, एक गोळी, एक सिरप, एक मलम. लेबल वाचून मुख्य घटक एका रकान्यात लिहा. दुसऱ्या रकान्यात ‘क्यू. एस.’ या दोन अक्षरांमागं कुठले कुठले पदार्थ असतील आणि प्रत्येकाचं काम काय असेल, याचा अंदाज लिहा. पुढच्या वेळी आपण त्या यादीतूनच विरघळण्याचा वेग आणि शोषण याकडे जाऊ.